समोरचं दार

पलूसच्या कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारी उभी होती. दुकानदार अजमल तिला समजावत होता.

"मावशी, कॅमेरा फाटकावर लावूया. येणारा-जाणारा दिसंल."

"फाटकावर नगो, अजमल. गच्चीवर लाव आन् समोर दिराच्या दाराकडं तोंड कर."

"आवं, भावकीच्या दारावर कॅमेरा? भांडणं लागतील."

"लागायची काय ऱ्हायल्यात? बांधावरनं अकरा वर्सं बोलणं बंद हाय."

"मग त्यांच्यावर नजर कशाला?"

"माझी जाऊ गेली चैतात. पोरगा पुण्याला. एकटाच असतोय त्यो."

"मग सकाळी जाऊन इचारा की, बरं हाय का म्हणून."

"मी बोलत न्हाई त्याच्याशी."

"आन् मोबाईलवर काय बघणार?"

"दार उघडलं का, तेवढंच. रोज गच्चीवर चढून बघत हुते. आता गुडघं चढू देत न्हाईत."