पोत्यातली कुत्री

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली घेऊन बसलेल्या गोपिकेसमोर पारशिवनीच्या देवाजीनं पोतं टेकवलं; त्याच्या उघड्या तोंडातून कुत्रीचे पाय लोंबत होते. शेजारी, आपल्या अल्सेशियनला सुई टोचून घ्यायला आलेल्या वामनरावांनी नाक दाबून विचारलं,

"मेलेली कुत्री काहून आणली गा?"

"नातीले चावली. पिसाळली होती का, डॉक्टरले विचारतो."

"बांधून ठेवाची ना! दहा दिवस जगली असती, तं पिसाळली नाही हे कळलं असतं."

"आता?"

"आता डोकं तपासतीन, शाबूत असंल तं."

"डोकंच तं फोडलं म्या काठीनं."

"मग पोरीले रेबीजच्या सगळ्या सुया द्या लागतीन."

"सात वर्साची हाये जी ते!"

"पण चावली काहून?" गोपिकेनं टोपलीवरून मान वर करून विचारलं.

"पोरीनं पिल्लू उचललं तिचं."

"मग पिसाळली असं कोणं म्हणलं?"

"म्याच. गावभर बोंबललो."