बिनपातीचा वाडगा

...आणि बटणं किती असावीत? बेचाळीस! शेवयांच्या दुकानात शिरायच्या आधी दाराशीच हे लोखंडी कपाट उभं. त्याच्या तोंडात नोट कोंबायची, बटण दाबायचं, चिठ्ठी पडते, ती आत द्यायची. म्हणजे आधी पैसे, मग जेवण! अहो, आम्ही कौलं बसवणारी माणसं. आधी छप्पर, मग पैसे. जो आधी हात पसरतो ना, त्याच्याकडे, तुम्हाला सांगतो, कुठंतरी पाणी मुरतंय.

वर ती बटणं सगळी चिनी वळणाच्या अवघड अक्षरांतली. मला साधी अक्षरं येतात, पण ती चित्रासारखी दिसली की डोळ्यांपुढे मुंग्या चालतात. शाळेचं आणि माझं कधी पटलंच नाही. असलं काही वाचायचं झालं की दादा वाचायचा. आता दादा नाही.

दादा म्हणजे तेत्सुरो. बावीस वर्षं छपरांवर चालला हा माणूस. वादळात चालला, शेवाळावरून चालला, कधी पाय घसरला नाही. आणि गेला कुठं? घरी, आंघोळीच्या टबात! गरम पाण्यात बसल्या बसल्या! मी बाहेरून दार बडवतोय, ‘ए, निघ की, त्याच पाण्यात मलाही बसायचंय, गार करशील!’... टबात हो! मी अजून त्या टबाकडे सरळ बघत नाही. तोही काहीतरी लपवतोय.

तर आदल्या दिवशी आई म्हणाली, ‘मिनोरु, उद्या एकोणपन्नासावा दिवस. उद्या तो पलीकडे जाईल, कायमचा. दर गुरुवारी झाइत्सूंच्या दुकानात जे शेवयांचं रामेन खायचा, तेच त्याच्या फोटोपुढे ठेवायचं. तेच हं! भलतंसलतं आणलंस तर पोर उपाशी जाईल.’

मी म्हटलं, ‘आई, डुकराच्या हाडांचा रस्सा... मठातल्या महाराजांना चालेल का?’

‘महाराजांना कुठं खायचाय!’

आली का पंचाईत? दादा काय मागवायचा, कुणाला माहीत? बारा वर्षं जात होता, मला एकदा नेलं नाही! बढाया तेवढ्या ऐकवायचा. ‘आपण शेवया मागतो त्या तारेसारख्या कडक! मऊ शेवया बोळक्या तोंडांना. आणि वर कांद्याची पात, ढीगभर!’ घरी आई मिसोच्या सारात पात घालायची. मी काड्यांनी एकेक बाजूला काढायला लागलो की टपली. ‘खा! पात न खाणारा छपरावर टिकत नाही. बघ माझ्याकडे.’ आणि स्वतः कचाकचा खायचा. मला पात आवडत नाही. पण दादा बघायचा, मग काय, डोळे मिटून गिळायची.

तर कपाटापुढे उभा राहिलो आणि दाबलं एक बटण. चिठ्ठी आली. मनाचं समाधान होईना, आणखी एक दाबलं. आणखी एक चिठ्ठी. मागून एक आजी डोकावल्या. ‘बाळा, ही दोन्ही उकडलेल्या अंड्यांची आहेत. रस्सापण घे की, नुसत्या अंड्यांनी घसा सुकेल.’ आणि माझ्या हातातली नोट घालून त्यांनीच बटण दाबलं. का? ओळख ना पाळख, एवढी माया कशाला? पाणी मुरतंय म्हणतो ते उगीच?

आत फळीपुढे बसलो. पलीकडे झाइत्सू, डोक्याला फडकं, भुवया म्हणजे दोन झाडू. चिठ्ठी घेतली. ‘शेवया कशा?’

मी छाती काढून म्हटलं, ‘तार! आणि पात दुप्पट!’

त्यांचा हात थांबला. माझ्या तोंडाकडे बघतायत. मग कानांकडे बघतायत. ‘तू तेत्सुरोचा कोण रे?’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘कान.’

आमचे कान जरा दारं उघडी टाकल्यासारखे आहेत, खानदानी. म्हटलं, ‘धाकटा भाऊ.’

‘मग सांग त्याला जाऊन! सहा गुरुवार तोंड दाखवलं नाही, आज सातवा. स्टेशनजवळ नवं दुकान निघालंय, तिथं जातो ना? मला सगळं कळतं. बारा वर्षं माझा रस्सा प्यायला, आणि एक शब्द न बोलता गेला!’

‘गेला तो.’

‘तेच विचारतोय! कुठं गेला?’

‘मेला हो!’

असा ओरडलो! अख्ख्या दुकानातलं सुर्रर सुर्रर बंद. झाइत्सूंनी पाठ फिरवली. शेवयांची जाळी झटकत राहिले, झटकत राहिले... त्यातलं पाणी केव्हाच निथळलं होतं.

मग माझ्यापुढे वाडगा आला. शेवया मऊ. पात? नाही. एक तुकडा नाही!

‘हे काय? मी तार म्हटलं होतं!’

‘तू म्हटलंस ते राहू दे. हा त्याचा वाडगा.’

‘चूक आहे! दुसऱ्या कुणाचा असेल! माझा दादा तार खायचा, ढीगभर पात खायचा!’

‘मऊ शेवया, पात नको. दारातूनच ओरडायचा, बिनपातीचा एक!’

मी उठलोच. तुम्हीच सांगा, काय वाटेल माणसाला? म्हातारा पात वाचवतोय! मेलेल्या माणसाच्या नावावर पात वाचवतोय! तेवढ्यात शेजारून त्याच आजी, ‘खरं आहे रे बाळा. चुकून पडलीच पात, तर वेचून माझ्या वाडग्यात टाकायचा. गुणी पोर.’ म्हणजे आजीही सामील! आता मुरणं वगैरे नाही, आता सरळ धारच लागली.

झाइत्सू फळी पुसत होते. पुसलेलीच. ‘मी चिडवलं होतं एकदा. म्हटलं, एवढा बाप्या माणूस, पातीला भितोस? तर म्हणाला, काका, घरी रोज खातो. धाकट्याला बाप नाही, तो माझ्याकडे बघून खातो. आठवड्यातून एक दिवस तरी मला सुट्टी द्या.’

...थांबा हं जरा. काही नाही, तिखट गेलं घशात. रश्श्यात तिखट नव्हतं, ते सोडा.

खाल्लं मी. तुम्हाला सांगतो, इतकं चांगलं आयुष्यात खाल्लं नव्हतं. त्यानं तर जास्तच डोकं फिरलं! लबाड! बारा वर्षं टपल्या मारून मला पात चारली आणि हे इथं एकट्यानं... बरं, जाब विचारायचा तर कुणाला?

म्हटलं, ‘एक बांधून द्या.’

‘आम्ही बांधून देत नाही.’

‘फोटोपुढे ठेवायचाय.’

झाइत्सू आत गेले. आले ते घरचा डबा घेऊन. रस्सा वेगळा, कच्च्या शेवया वेगळ्या. म्हणाले, ‘घाईनं काढू नकोस. नीट मऊ होऊ दे. आणि पात...’

‘नको. कळलं.’

घरी आलो, शेवया उकडल्या, अगदी मऊ, आणि वाडगा फोटोपुढे ठेवला. आईनं बघितलं. ‘हे काय? पात कुठाय?’

शब्द ओठावर आला होता. आणि मी, जो आधी बोलतो आणि मग कपाळ बडवतो, तो मी चक्क विचार करून बोललो. ‘विसरले असतील.’

‘विसरले? मेले!’ आई तरातरा ओट्यापाशी गेली. खटखटखटखट... मूठभर पात चिरून आणली आणि वरून पेरली. रस्सा दिसेना! ‘माझ्या पोराचा जीव होता पातीवर,’ म्हणाली आणि मटकन खाली बसली. सात आठवड्यांत पहिल्यांदा रडली. आता या बाईला सांगू? सांगवलं असतं तुम्हाला? मी फोटोकडे बघून मनात म्हटलं, दादा, आजच्या दिवस सांभाळून घे.

महाराज आले, मंत्र म्हणाले, वाडग्याकडे बघून नाक पुसलं, गेले. आणि फोटोपुढून उतरवलेलं काही टाकायचं नसतं. घरच्यांनी खायचं. आईनं वाडगा माझ्यापुढे सरकवला. गार रस्सा, फुगलेल्या शेवया, आणि वर पातीचं रान. मी काड्यांनी हळूच एक तुकडा बाजूला काढला, वर बघितलं, तर आई बघत होती. डोळे लाल, रुमाल तोंडाशी नाही की काही नाही, नुसती बघत होती.

खाल्ली हो. कचाकचा खाल्ली. वर म्हटलं, ‘आणखी आहे का?’

तेव्हापासून रोज माझ्या वाटीत ती दोघांची पात घालते.