टेकाडावरची माती

चि. ऋचा आणि चि. अद्वैत यांस अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तुमच्या आईने फोनवर सांगितले, की ऋचाच्या हातून शेवटचा झेल सुटला, तिची टीम हरली आणि त्या दिवसापासून तिने ग्लोव्ह कपाटात टाकून दिला आहे. मी फोन तिला द्यायला सांगितला, तर बाईसाहेब म्हणाल्या, आजी प्लीज, आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट. ठीक आहे. मीही त्याबद्दल बोलत नाही. दुसऱ्याच एका माणसाचे सांगते.

इथे अमिरातीत, अल ऐनला शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी आपल्या मंडळींना इंग्रजी अर्ज आणि पत्रे लिहून देते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात सर्जेराव नावाचे एक गृहस्थ आले. बेसबॉलच्या मैदानावर ते माती आणि हिरवळ राखतात. साहेबांना द्यायला त्यांना एका पानाचे पत्र हवे होते. पत्र अर्ध्या तासात झाले, पण त्यांचे सांगणे एका पानात मावणारे नव्हते. या रविवारी मी त्यांना पुन्हा बोलावले, सगळे पहिल्यापासून ऐकले आणि तुमच्यासाठी लिहून काढायची परवानगी घेतली. बोलणे त्यांचेच आहे. कोल्हापूरकडचे काही शब्द तेवढे मी सोपे केले. आईकडून मोठ्याने वाचून घ्या.

*

बाई, आमचं गाव नदीकाठचं, आणि गावात एक तालीम, आणि त्या तालमीची माती राखायचं काम आमच्या घरात, आज्यापासनं. माती राखायची म्हणजे काय, तर तांबडी माती चाळायची, त्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालायचा, आणि रोज पहाटे फावड्यानं खालवर करायची, लोण्यागत मऊ झाली पाहिजे, कारण पैलवान दिवसभर पडतच असतो आणि त्याचं पडणं मातीनं झेलायचं असतं. मीपण खेळलो, लई नाही, पण खेळलो. एकदा वडील तापानं पडले, आठ दिवस मातीला कुणी हात लावला नाही, ती आवळून बसली, आणि त्या आवळलेल्या मातीत मी पडलो आणि डावा गुडघा गेला. तिथनं कुस्ती बंद. वडील अंथरुणातनं म्हणाले, पोरा, कडक माती गुडघा खाते. बाई, माझा सगळा घोळ या एका वाक्यानं झाला, ते पुढं येईलच.

मग गाद्या आल्या, पोरं मॅटवर खेळायला लागली, मातीला कोण विचारतंय. मी इकडं आलो. बावीस वर्षं झाली. आधी रस्त्याकडेची फुलझाडं, मग चौकातली हिरवळ, मग क्रिकेटचं मैदान, आणि एक दिवस कंपनी म्हणाली, आता इथं बेसबॉल. लीग होणार, पगारी खेळाडू येणार, कुठनं कुठनं. मी नझीरला विचारलं, नझीर म्हणजे माझा जोडीदार, पेशावरचा, पाण्याचा पाइप त्याच्याकडं, तर तो म्हणाला, कुछ नहीं पैलवान, डंडा मारो और भागो, बच्चों का खेल है.

पण काय सांगू तुम्हाला, मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा बघितला आणि माझा जीव तिथंच बसला. साहेब त्याला माउंड म्हणतात, मी टेकाड म्हणतो. बॉल फेकणारा, म्हणजे पिचर, त्यावर उभा राहतो, आणि फेकताना पुढचा पाय दरवेळी एकाच जागी आपटतो, तिथं खड्डा पडतो. तो खड्डा रोज साफ करायचा, पाणी मारायचं, जहाजातनं पोत्यात आलेली चिकणमाती भरायची आणि धुमस, म्हणजे माती ठोकायचा जड ठोकळा, घेऊन चोपायची, विटेसारखी. डेव्हिड साहेब अमेरिकेचे, मैदान त्यांच्या ताब्यात. त्यांनी मला हात धरून शिकवलं. हार्ड, सर्जी, हार्ड. मी म्हणायचो, येस सर. चोपायचो पण. पण मनातनं ते मला पटायचं नाही बघा. माती आणि कडक? माती म्हणजे मऊ पाहिजे.

गेल्या मोसमात आमची टीम पहिले चार सामने हरली. आमची म्हणजे, मी काय खेळतो होय, पण मातीवाला माणूस टीमचाच असतो. जर्सीवर खजुराचं झाड होतं, तर नझीर म्हणायचा, झाड आहे म्हणून हलत नाहीत. तिसऱ्या सामन्याला बघायला खेळाडूंच्या बायका आणि आम्ही माळी, बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या, त्यावर चिमण्या.

मग मातेओ आला. डॉमिनिकन म्हणून कुठलं बेट आहे, तिथला. पिचर. डावखुरा. वय झालेलं, दाढीत पांढरे केस, आणि लोक म्हणायचे, ह्याला कुणी घेईना म्हणून इथं आला. पहिल्या दिवशी तो पहाटेच मैदानावर आला, मी टेकाडाची माती कपाळाला लावत होतो, ती माझी तालमीतली सवय, काम सुरू करायच्या आधी. त्यानं विचारलं, पापा, व्हाय? मी म्हटलं, धिस, मदर. आणखी इंग्रजी मला येत नव्हतं. तो हसला नाही. त्यानं टोपी काढली, चिमूटभर माती टोपीच्या आत लावली आणि पुन्हा घातली. त्या दिवसापासनं दर सामन्याला तेच. आणि आम्ही जिंकायला लागलो.

त्याच्यामुळं जिंकलो, मातीमुळं नाही, हे मला कळतंय. बॉल असा सोडायचा की मारणारा आधी हसायचा आणि मग चुकायचा. दुबईची टीम पाडली, मग आमच्याच मैदानावर आणखी दोघांना पाडलं, एकदा तर हरत आलेला सामना शेवटच्या गड्यापर्यंत नेऊन काढला, त्या दिवशी डेव्हिड साहेबानं मला उचललं, मला, माझं वजन बघा. खुर्च्या भरायला लागल्या. लेबर कॅम्पातनं बस भरून पोरं यायची, सातारची, रत्नागिरीची, त्यांना खेळातलं काही कळायचं नाही, पण मातेओ टोपी काढून माती लावायला लागला की हीऽ बोंब. आणि असं करत करत आम्ही फायनलला गेलो. चार हरलेली टीम.

पण त्याचा उजवा गुडघा सुजला होता. डाव्या हातानं फेकतो त्याचा उजवा पाय आपटतो, सगळा भार त्याच्यावर. सामना संपला की तो पायऱ्या एकेक करून उतरायचा, कठड्याला धरून. मी बघायचो आणि मला माझं पडणं आठवायचं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मीपण कुणाला बोललो नाही.

फायनलच्या दिवशी सकाळी मी एकटा होतो. आणि मी ते केलं. मातेओचा पाय पडतो ती जागा चार बोटं खोल उकरली, माती चाळली, थोडी वाळू मिसळली, लोण्यागत केली, भरली, आणि वरनं पातळ थर देऊन असा सारवला की साहेबालापण कळलं नाही. दोन्ही टीमांच्या पिचरांत तो एकटाच डावखुरा, बाकीच्यांचा पाय दुसरीकडं पडायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्रास नाही. मी असा विचारपण केला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, बाई. मला वाटलं, आजच्या दिवस माती ह्याचं झेलेल.

चार वाजता सामना सुरू झाला. पहिली इनिंग तो असा फेकला की मला वाटलं, केलं ते बरोबर केलं. दुसरी पण. तिसऱ्या इनिंगला पाय पडला तो आत गेला, टाच रुतली, अंग पुढं फिरलं आणि गुडघा मागंच राहिला. तो खाली बसला आणि टोपी तोंडावर धरली. स्ट्रेचर आलं. त्याच्या जागी दुसरा आला, आणि मग आम्ही हरलो, कसं हरलो ते मला आठवत नाही.

सगळे म्हणाले, म्हातारा गुडघा, किती दिवस चालणार. डेव्हिड साहेब म्हणाले, बॅड लक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खड्डा उकरला तर खाली माती पिठासारखी, आणि त्यात टाचेची खूण. सगळी काढली. नवीन चिकणमाती भरली आणि धुमस घेऊन चोपत बसलो, ऊन चढेपर्यंत, हाताला फोड आले. मग नझीरला सांगितलं. तो म्हणाला, पागल है क्या, किसी को पता नहीं, व्हिसा जाएगा, खलास, घर में क्या मुँह दिखाएगा. मी म्हटलं, मी मातेओकडं चाललोय. तर तो चप्पल घालून उठला, म्हणाला, चल, मैं भी आता हूँ, तेरी अंग्रेजी से उसका दूसरा घुटना भी टूट जाएगा.

मातेओ हॉटेलात, पाय पट्ट्यात बांधून खुर्चीवर. मी हिंदीत सांगितलं, नझीरनं इंग्रजीत. मातेओनं पायाचा पट्टा जरा सैल केला. मग विचारलं, कधी केलंस? मी म्हटलं, सकाळी. मग तो म्हणाला, पहिल्याच बॉलला मला कळलं होतं, खाली मऊ आहे. मी तुला बोलवायला पाहिजे होतं. पण महिन्याभरात पहिल्यांदाच गुडघा दुखला नाही, म्हणून मी गप्प बसलो. असं म्हणाला आणि डोळे मिटले. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाला, नो, पापा. गो. आय स्लीप. त्यानं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तो चिडलापण नाही. त्याच आठवड्यात घरी गेला, आणि पुन्हा कुठं फेकला असं ऐकलं नाही.

मग मी तुमच्याकडं आलो. तोंडी सांगितलं असतं तर साहेब हसून सोडून देणार, म्हणून कागद पाहिजे होता. साहेबानं तुमचं पत्र उभ्यानंच दोनदा वाचलं. म्हणाला, नोबडी न्यू, सर्जी, म्हणजे कुणाला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, आय न्यू, सर. एवढं इंग्रजी मला आलं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवसापासनं मला टेकाडावरनं काढलं. आता मी बाहेरच्या हिरवळीवर. व्हिसा राहिला. साहेब रागानं बोलत नाही, पण पूर्वीसारखा हात धरूनपण बोलत नाही. नवीन मोसम तोंडावर आहे, टेकाडाचं काम दुसऱ्याकडं दिलंय, तो चांगला चोपतो. मी लांबनं बघतो. पहाटे हिरवळीची माती कपाळाला लावतो, तिला तो वास नाही.

तुमची नात हा खेळ खेळते म्हणालात. खेळू दे. देव तिचे गुडघे शाबूत ठेवो, इन्शाल्ला. तिच्या हातनं काय सुटलं ते मी ऐकलं, पण मी तिला काय सांगणार, मला मातीतलं कळतं, तेपण सगळं नाही.

एकच सांगतो. उन्हाळ्यात साहेबानं अख्खं टेकाड उकरून नवीन बांधायला काढलं. मातेओचा पाय पडायचा तिथं फावडं मारलं तर टण्णकन आवाज आला, फावडं उडालं. पुन्हा मारलं, पुन्हा उडालं. साहेबानं वळून लांब हिरवळीवर माझ्याकडं बघितलं आणि माणसांना म्हणाला, लीव्ह इट. बाकीचं टेकाड आता नवीन आहे. तेवढी वीतभर माती मी चोपलेली आहे, आणि ती अजून हललेली नाही.