एकही खूण नसलेली प्रुफं

मालकीण : काका, तीनशे बारा पानं, आणि लाल पेनाची एक खूण नाही? इतकं शुद्ध लिहिणारा माणूस जन्माला आलाय?

काका : चुका असतील की ताई. मला दिसल्या नाहीत.

मालकीण : सव्वीस वर्षं या छापखान्यात प्रुफं तपासताय. दुकानाच्या पाटीवरची वेलांटीसुद्धा तुम्हाला खुपते. बरं वाटत नाहीये का?

काका : प्रकृती ठणठणीत आहे. रागावणार नसाल तर सांगतो. मी वाचत बसलो.

मालकीण : मग वाचायलाच तर ठेवलंय तुम्हाला!

काका : तसं नव्हे हो. ओळीखाली पट्टी धरायची, अक्षर न् अक्षर बघायचं, गोष्टीकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा माझा नेम. सोमवारी पट्टी होती हातात. दुसऱ्या प्रकरणात गलबत वादळात सापडलं, डोलकाठी कडाडून मोडली, आणि पट्टी कुठं गेली देव जाणे.

मालकीण : आज गुरुवार आहे!

काका : मंगळवारी म्हटलं, वादळ ओसरलं की कामाला लागू. ओसरलं, तर चाचे आले.

मालकीण : आणि काल?

काका : काल गोडं पाणी संपलं. चाळीस खलाशी तहानेनं तडफडताहेत आणि मी ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू?

मालकीण : हसवू नका, मी चिडलेय. चार वाजता पोस्टमास्तर येतील सही करायला. पाचला मशीन लावायचंय. आज हुकलं की उद्यापासून कॅलेंडरं, दीड महिना मशीन मोकळं नाही. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं लिहिलंय त्यांनी हे. काय तोंड दाखवू त्यांना?

काका : पहिली बत्तीस पानं तरी मशीनवर चढवू. एकदा चढलं की कॅलेंडरवाले थांबतील. तुम्ही मूळ प्रत मोठ्यानं वाचा, मी खुणा करतो. पूर्वी करायचो तसं.

मालकीण : आणा इकडे. बत्तिसाव्या पानावर थांबायचं, सांगून ठेवते.

(दीड तासानंतर.)

काका : थांबू नका ना ताई!

मालकीण : थांबते कसली, चष्मा पुसतेय. शिडं शिवणारा म्हातारा मरायला नको होता हो. अगंबाई, हे बावन्नावं पान! खुणा किती झाल्या?

काका : पहिल्या पानावर सात.

मालकीण : आणि पुढे?

काका : पुढे तुम्ही फार छान वाचत होता.

मालकीण : धन्य आहोत आपण दोघं! या, या मास्तर. लवकर आलात.

पोस्टमास्तर : घरी बसवेना. झाली तपासून? अरे, पहिलं पान सोडलं तर ही कोरीच दिसताहेत.

काका : चूक माझी आहे, मास्तर. तपासायचं सोडून मी वाचत बसलो.

पोस्टमास्तर : वाचत बसलात? कुठवर?

काका : शेवटपर्यंत. शेवटची दोन प्रकरणं तर दोनदा.

पोस्टमास्तर : आमची मंडळी तिसऱ्या प्रकरणात झोपली. जावई म्हणाले, कागद चांगला आहे.

मालकीण : पण आता मशीन दीड महिन्यानं मिळेल हो. मला फार वाईट वाटतंय.

पोस्टमास्तर : ते राहू द्या. म्हातारा गेला, तेव्हा काय केलंत तुम्ही?

काका : उठून पाणी प्यायलो. मग तेच पान पुन्हा वाचलं.

पोस्टमास्तर : मी ते लिहून झाल्यावर पायरीवर जाऊन बसलो होतो. कुणाला सांगणार? बाई, दीड महिना थांबतो मी खुशाल. आज फक्त जरा इथं बसू द्या.

मालकीण : बसा ना, हे काय विचारणं? मी चहा सांगते.

काका : मास्तर, एक विचारायचं राहिलंय. पुस्तकात तुम्ही लिहिलं नाहीत. गलबत हाकणारा तो तांडेल शेवटी घरी पोचला ना?

पोस्टमास्तर : पोचला. कुणीतरी विचारेल म्हणून तेवढं मुद्दाम न लिहिता ठेवलं होतं.