उठावं तर फवारा, बसावं तर धारा

...अन् वरून लोक हसून राहिले! तुम्हाला सांगतो, हसायसारखं काय हाय त्यात? आमचे इस्लापूरचे वैजनाथआप्पा, सत्तरीचा माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर म्हणाला उकिडवं बसायचं न्हाई, म्हणून आदल्याच दिवशी दवाखान्यातून लातूरला लेकीच्या घरी आलेले... अन् जावयानं, राजशेखरनं, मामांचे हाल नको म्हणून कमोडवर लाईटवरचं मशीन बसवून ठेवलेलं! बटन दाबलं की कोमट पाणी, मागून गरम हवा, हात लावायचं कामच न्हाई! चांगलं केलं का वाईट? चांगलंच की!

तर सकाळी आप्पा आत गेले, कडी लावली, बसले, एक बटन दाबलं. धार सुरू! जरा गुदगुल्या झाल्या, हसले बी. मग बंद करावं म्हणून दुसरं दाबलं, तर धार जोरात! तिसरं दाबलं, तर ती मागंपुढं नाचायलाच लागली! घाबरून उठले, तर पाणी दारावर, छतावर, खुंटीवरच्या धोतरावर! झटक्यानं परत बसले. म्हणजे बघा, उठावं तर फवारा, बसावं तर धारा!

अन् नेमके तेवढ्यात नांदेडचे व्याही आले! अमृतराव, रिटायर नायब तहसीलदार, लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील असा कडक माणूस! सहा वर्षं झाली, आप्पा त्यांच्यापुढं अजून डोक्यावरची टोपी काढत न्हाईत... अन् इथं? जाऊ द्या!

हॉलमधून आवाज आला, "पाहुणे दिसत न्हाईत?"

"येतील की आता," आप्पांची लेक तनुजा म्हणाली. पाव तास झाला. अर्धा झाला. पोरगी दाराशी आली, "आप्पा, बरं हाय ना?"

"हाव, लई बरं हाय! तू चहा दे त्यांला!"

आता बापानं लेकीला सांगावं तरी काय हो? पण किती वेळ? शेवटी सांगितलं. तिनं नवऱ्याला ऑफिसात फोन लावला, स्पीकर दाराला धरला.

"मामा, घाबरू नका, बंदचं बटन दाबा."

"कोणतं ते?"

"इंग्रजीत लिहिलंय बघा."

"समदंच इंग्रजीत हाय!"

"मग असं करा मामा, व्हिडिओ कॉल करा, मी बघून सांगतो..."

"राजशेखर!!!"

तेवढ्यात लाईट गेली. धार थांबली! आप्पांनी देवाचं नाव घेतलं, अर्धे उठले... अन् इन्व्हर्टर सुरू झाला! पुन्हा तेच, उठावं तर फवारा, बसावं तर धारा!

मग दाराशी जड पावलं वाजली. खोकला आला.

"वैजनाथराव," अमृतराव एकदम दबक्या आवाजात म्हणाले, "आधी हात कोरडे करा."

"धोतर भिजलं हो!"

"बनियनला पुसा. आता टाकीमागं हात घाला. वायर लागंल. पिन ओढा."

ओढली. सगळं शांत! आप्पांना रडूच यायचं राहिलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

अमृतरावांनी हॉलकडं एकदा बघून घेतलं. "मागच्या आठवड्यात इथं आलो होतो, तेव्हा मी दीड तास होतो आत. सूनबाईला वाटलं, पेपर वाचून राहिलो."

"मग सांगितलं न्हाई कुणाला?"

"सांगायसारखं होतं का ते?"

अन् दार बोटभर उघडायला लावून त्या कडक माणसानं आपल्या बॅगेतली लुंगी आत सरकवली! सहा वर्षांत जे जमलं न्हाई, ते त्या फटीतून जमलं बघा!

पण आप्पा बाहेर आले ते पिशवी भरायलाच लागले. "बास! गुडघा जाऊ दे न्हाईतर राहू दे, मी आजच गावाकडं चाललो. आपलं घर, आपला तांब्या!"

तनुजाचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! "आप्पा, सांगणार नव्हते मी, पण यांनी गावाकडं बी बसवलंय! याच्याहून मोठं! त्याला तर रिमोट हाय!"

आप्पांनी पिशवी हळूच खाली ठेवली.

"राहतो बाई," म्हणाले, "इथली पिन तरी सापडली हाय."