रेलीनच्या पायांविषयी

दि. ३०/०५/२०२५, सकाळी ११.२०

नाव : थीया मार्गरेट डन्स्टन, वय ६३ वर्षे, धंदा : शाळेतील ग्रंथपाल (निवृत्त), राहणार : रेल्वे पॅरेड, बुरांगी गाव, विमेरा भाग, व्हिक्टोरिया.

मी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर झाले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. तरी समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर एकतीस वर्षांपासून राहते. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला. घरी मी एकटीच असते. रेलीन फॉलनर, वय ५४, हिला मी चांगली ओळखते. ती एकोणीस वर्षे शाळेची बस चालवते. एकोणीस वर्षांत बस एकदा उशिरा आली, तीही रस्त्यावर मेंढ्या बसल्या होत्या म्हणून.

दि. २८/०५/२०२५ रोजी, बुधवारी सकाळी १०.४० च्या सुमारास रेलीनची स्वतःची गाडी गावच्या हॉलच्या बाजूला असलेल्या पावसाच्या पाण्याच्या टाकीवर धडकली. टाकी चौथऱ्यावरून खाली आली आणि सगळे पाणी वाहून गेले. त्याआधी मिनिटभरच लोर्ना पाइक त्या चौथऱ्यालगतच्या बाकावरून उठून आत आली होती. कोणाला इजा नाही. रेलीनने जागेवरच पोलिसांना सांगितले की, 'माझं डोकं चालत नाही. मी आईच्या वाटेनं चाललेय. माझं लायसन घेऊन टाका.' तिची आई शेवटची सात वर्षे तिला ओळखत नव्हती, हे गावात सर्वांना माहीत आहे. पोलिसांनी तिचे म्हणणे लिहून घेतले आणि तिला बस चालवायला मनाई झाली. ते म्हणणे चुकीचे आहे, एवढे सांगायला मी आले आहे. कसे ते पुढे सांगते.

रेलीन धरून आम्ही गावातल्या नऊ बायका दर बुधवारी दहा वाजता हॉलमध्ये जमतो. प्रत्येकीने घरून एक ताटली भरून आणायची, ती लांब टेबलावर मांडायची, आणि प्रत्येकीच्या ताटलीतले थोडे तरी खायचे, हा रिवाज आहे. कोणाची ताटली तशीच परत गेली तर ती बाई वर्षभर ते विसरत नाही. उरलेले जाताना वाटून न्यायचे. हा रिवाज माझ्या सासूच्याही आधीपासूनचा आहे.

या फेब्रुवारीत लोर्नाने ताटलीत केकच्या शेजारी गोळ्यांची बाटली ठेवली. मी विचारले, 'हे काय नवीन?' ती म्हणाली, 'मॅग्नेशियम. परवा खाटकाच्या दुकानात माझ्याच कुत्र्याचं नाव आठवेना गं मला. खाटीक मेला हसतोय, कुत्रा माझ्याकडे बघतोय.' सगळ्या हसल्या. मग एकेक जण कबुली देत गेली. कोणी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता, कोणी एकाच वाक्यात दोनदा अडकली होती. पुढच्या बुधवारी टेबलावर आणखी सात बाटल्या आल्या. माशाचे तेल, जिन्को नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, तणावासाठी बी जीवनसत्त्वे, ब्राह्मी, अळंब्याची पूड, पाण्यात फसफसणारी ताकदीची चकती, आणि 'स्त्रियांच्या एकाग्रतेसाठी' असे लिहिलेली जांभळ्या झाकणाची बाटली. कशी निवडली असे मी प्रत्येकीला विचारले. एकीने भाचीचे नाव सांगितले, एकीने डब्यावरच्या बाईचा चेहरा तजेलदार दिसला असे सांगितले. लोर्ना म्हणाली, 'वरच्या फळीवर हात पुरला नाही म्हणून खालची घेतली.' मला लोर्नाचे उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटले.

गोळ्यांनाही ताटलीचाच नियम लागला. आपली बाटली पुढे करायची, दुसरीच्या बाटलीतले घ्यायचे. आठवड्याचा पुरवठा अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी न्यायचा, सात खणांत सात वार. ही खोक्यांची युक्ती माझी होती. त्या वेळी मला तिचा अभिमान वाटला होता.

मला सवय आहे की एखादी गोष्ट खरी की खोटी हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी एक वही सुरू केली. दर बुधवारी तबकात वीस वस्तू मांडून मिनिटभर दाखवायच्या, मग वरून फडके टाकायचे. जिला जितक्या आठवतील तितका आकडा तिच्या नावापुढे लिहायचा. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात काय घेतले ते लिहायचे. वही सोबत आणली आहे, ती पोलिसांनी ठेवून घ्यावी. त्यात दिसेल की पहिल्या बुधवारी रेलीनला सतरा आठवल्या. अपघाताच्या आधीच्या बुधवारी एकोणीस. पंधरा आठवड्यांत तिचा आकडा एकदाही सतराच्या खाली आलेला नाही. नऊ बायकांत ती कायम पहिली आहे. चाळीस मुलांची नावे, त्यांचे थांबे आणि कोणाला कशाची ॲलर्जी, हे ती कागदावर न बघता सांगते. अशा बाईचे डोके चालत नाही असे म्हणायचे असेल तर आम्हा बाकीच्या आठ जणींना आधी आत घ्यावे.

रकान्यांत दुसरीही एक गोष्ट दिसेल. इतर जणींनी तोंडदेखली एखादी गोळी घेतली आणि बाकीच्या पर्समध्ये टाकल्या. रेलीन तशी नाही. तिने कधीच कोणाची ताटली चुकवली नाही. मार्चपासून तिच्या खोक्यातल्या प्रत्येक खणात सगळ्या बाटल्यांतले एकेक असे. मी एकदा तिला म्हटले, 'अगं, एवढं सगळं कशाला घेतेस?' ती म्हणाली, 'लोर्नाचं घेतलं आणि बाकीच्यांचं नाही, असं कसं? वाईट नाही वाटायचं कोणाला?' मग म्हणाली, 'आणि थीया, मला भीती वाटते गं. काही राहून गेलं असं नको व्हायला.'

दि. ०७/०५ च्या बुधवारी तिने बूट काढून पाय चोळले. म्हणाली, 'बोटांना मुंग्या येतात. मोजा दुमडलाय असं वाटतं, बघावं तर मोजाच नाही पायात.' मी वहीत लिहिले : 'रेलीन, नवे बूट.' बूट नवे नव्हते. मी नीट पाहिले नव्हते.

अपघातानंतर मी तिच्या घरी गेले. तिला विचारले, 'ब्रेक विसरलीस का तू?' ती म्हणाली, 'विसरले कुठं? डाव्या हाताला ॲक्सिलरेटर नसतो एवढं कळतं मला. ब्रेकवर पाय होता असं वाटलं, पण खाली काहीच लागेना. आपण मेलेल्या पायानं चालवतोय असं वाटलं.' मग ही गोष्ट पोलिसांना का सांगितली नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, 'पायाचं काय सांगायचं? आईचंही आधी असंच काहीतरी फुटकळ सुरू झालेलं.'

त्याच दुपारी मी आठही घरी फिरले आणि बाटल्या जमा केल्या. पुढची बाजू सगळ्यांनी वाचली होती, मागची कोणीच नाही. अक्षर इतके बारीक की मला भिंग लागले. मॅग्नेशियममध्ये बी-सहा, तणावाच्या गोळीत बी-सहा, जांभळ्या झाकणाच्या बाटलीत बी-सहा, फसफसणाऱ्या चकतीतही बी-सहा. चौघींनी चार वेगळ्या गोष्टी म्हणून आणलेले एकच जीवनसत्त्व. रेलीनच्या एका दिवसाच्या खणाची बेरीज केली ती एकशे ऐंशी मिलिग्रॅम झाली. आमच्या वयाच्या बाईला दिवसाला दीड पुरते. काल गावच्या डॉक्टरीणबाईंना हे दाखवले. त्यांनी रेलीनचे पाय टाचणीने तपासले, रक्त घेतले आणि सगळ्या गोळ्या त्या क्षणापासून बंद केल्या. हे जीवनसत्त्व फार झाले की पायांच्या नसा बधिर होतात असे त्या म्हणाल्या. रक्ताचा अहवाल यायचा आहे. जाणीव परत येईल का असे मी विचारले. बऱ्याचदा येते, पण महिने लागतात आणि सगळी येईलच असे नाही, असे उत्तर मिळाले. विसराळूपणाचा या सगळ्याशी काहीच संबंध दिसत नाही असे त्यांनी लेखी दिले आहे. तो कागद जोडला आहे.

तरी रेलीनच्या पायांची तपासणी व्हावी आणि पाय बरे होईपर्यंत तिने गाडी चालवू नये, हे मला मान्य आहे. पण तिच्या कागदावर 'स्मृतिभ्रंश' हा शब्द चढू नये. तो एकदा चढला की पाय बरे झाले तरी बस मिळणार नाही, आणि मुख्य म्हणजे तिचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास बसेल.

वरील मजकूर सीनियर कॉन्स्टेबल ओकीफ यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सही करायला पेन घेतले, पण वहीवर विश्वास ठेवायचा तर वहीतले सगळेच सांगितले पाहिजे. म्हणून पुढचा भाग मी माझ्या हाताने वाढवत आहे.

वहीत माझेही नाव आहे. माझा आकडा बारावरून सतरावर गेला, म्हणजे इतरांइतकाच किंवा थोडा जास्तच वाढला. माझ्या रकान्यात गोळीचे नाव नाही, कारण मी एकही घेतली नाही. तुलनेला कोणीतरी कोरे राहायला हवे असे मला वाटले, आणि हे मी कोणाला सांगितले नाही. तबक दर आठवड्याला बघून बघून सगळ्यांचाच आकडा वाढत होता. गोळ्यांनी काही होत नव्हते. हे मला एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी कळले. मी बोलले नाही. आणखी काय दिसते ते बघायची उत्सुकता होती, आणि टेबल मोडले तर बुधवार मोडेल अशी भीतीही होती. त्यानंतरचे सहा आठवडे रेलीनची खोकी मीच भरून दिली.

हा वाढवलेला भागही मी पुन्हा वाचला, तो खरा आहे. रेलीनला हे अजून माहीत नाही. इथून मी तिच्याकडेच जात आहे. हल्ली तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो. मी थांबेन.

सही,
थीया डन्स्टन