अर्ध्या तासाचं काम

…आणि वर मलाच विचारतात, "मिस्त्री, उशीर का झाला?" उशीर? अहो, अर्ध्या तासाचं काम हे. टेबलाला एक भोक पाडायचं, त्यात माईक बसवायचा, समोर खुर्ची ठेवायची, झालं. त्याला आठ वर्षं झाली. तुम्हाला सांगतो, एवढ्या वेळात मी लावलेल्या रोपाचं टेबल झालं असतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. साऱ्या जगाचे देश एकत्र जमतात ना, भांडायला, त्या संस्थेचा मी पगारी सुतार. मोठ्या सभागृहात एक गोल टेबल आहे. पंधरा खुर्च्या, पंधरा माईक. माझ्या आधीच्या सुताराच्याही आधीच्या सुतारानं केलेलं. तेव्हा ज्या पंधरांनी जागा धरल्या ते आजतागायत उठलेले नाहीत. बाकीचं जग भिंतीलगतच्या बाकावर. तिथे माईक नाही. काही म्हणायचंय? चिठ्ठी लिहा, पुढे द्या, वेळ उरला तर टेबलावरचं कुणीतरी वाचेल. मी आजवर वेळ उरलेला पाहिला नाही.

त्या बाकावर आमच्या बेटवाल्या बाई. देश केवढा, तर आमच्या इमारतीच्या आवारात दोनदा मावेल. त्यात समुद्र दर वर्षी आत शिरतोय. तर आठ वर्षांपूर्वी या पंधरांना एकदम जाग आली. "जग बदललं! संस्था बदलली पाहिजे!" टाळ्या. ठराव झाला, सोळावी खुर्ची करा, बाईंना बसवा. मी आठवड्यात खुर्ची करून मोकळा.

पण बसवायची कुठे? मी म्हटलं, साहेब, सगळ्यांनी चार-चार बोटं सरका. पंधरा जण चार बोटं सरकले की सोळावा आरामात बसतो, आमच्या घरी पंगतीला हे पोरासोरांना कळतं. तर एक उंच साहेब म्हणतात (नाकातून बोलतात ते), "आम्ही तत्त्वतः सरकलेलोच आहोत. शेजारी सरकले की प्रत्यक्ष सरकू." शेजारी म्हणतात, "आमचे शेजारी सरकले की!" आता गोल टेबलाला पहिला शेजारी कोण, सांगा? तिसरे म्हणाले, "चार बोटं कुणाची? यांची बोटं जाड आहेत." झालं, बोटांची समिती. तिचा अहवाल यायला अडीच वर्षं. अहो, अर्ध्या तासाचं काम…

आणि बाई काय करायच्या माहितीये? जेवणाच्या सुट्टीत माझ्या कारखान्यात यायच्या. खुर्चीवरचं फडकं काढायचं, भुसा झटकायचा, बसायचं आणि भाषणाची तालीम करायची. ऐकायला कोण? मी, रंधा आणि फळ्या. सहा मिनिटांचं भाषण, मला तोंडपाठ आहे. पहिल्या वर्षी त्यात समुद्र रस्त्यापर्यंत होता. मग शाळेपर्यंत आला. यंदा म्हणाल्या, "दादा, शेवटची ओळ बदलली. पाणी आईच्या स्वयंपाकघरात आलं. ती ओट्यावर पाय वर घेऊन बसते, पण उठत नाही." मी मान खाली घालून नुसता पॉलिश घासत राहिलो. लाज वाटली हो मला. माझ्या हातात अर्ध्या तासाचं काम, आणि तिकडे म्हातारी ओट्यावर.

मग माझं डोकं सटकलं. सभेच्या दिवशी सकाळी खुर्ची डोक्यावर घेतली, सरळ सभागृहात नेली, दोघा साहेबांच्या मध्ये घुसवली. म्हटलं, "बाई, बसा." आणि चमत्कार बघा, ते दोघे सरकले. मग त्यांचे शेजारी सरकले. गुपचूप, सवयीनं, बसमध्ये सरकतो तसे. चार बोटं! आठ वर्षांची चार बोटं एका मिनिटात! माईक नव्हता. बाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईच्या स्वयंपाकघरात…"

टिंग. सचिवांची घंटा. "ही खुर्ची कुणाच्या परवानगीनं आली?"

सभा तहकूब. बाई परत बाकावर. खुर्ची परत कारखान्यात. चौकशी समिती नेमली, नऊ जणांची. आता समिती म्हटल्यावर टेबल आलं, नऊ खुर्च्या आल्या, नऊ माईक, म्हणजे नऊ भोकं. मी म्हटलं, चला, आता माझी नातवंडं करतील हे काम.

तुम्हाला सांगतो, सह्या, शिक्के, लाकडाची मंजुरी, सगळं हातात पडलं. किती वेळात? घड्याळ लावून सांगतो, अर्ध्या तासात.

आणि मंजुरीच्या कागदावर खाली सचिवांनी हातानं लिहिलंय, "खुर्च्या आठच कराव्यात. एक तयार आहे."